यादीतलं पाचवं नाव

ऑर्लँडो, फ्लोरिडा
९ डिसेंबर १९७८

प्रिय लोरेटा,

आपला डावखुरा पिचर रुडी हॅस्केल कॅलिफोर्नियाच्या बेसबॉल संघाकडे गेला. संघाच्या व्यवस्थापकांनी काल दुपारी स्वतः सांगितलं, म्हणून ही बातमी. बदल्यात आपल्याला एक तगडा फलंदाज मिळतोय. तो रुडीपेक्षा भारी, म्हणून आपण आणखी एक खेळाडू द्यायचा आहे. त्याचं नाव मागाहून ठरेल. बाकी या हॉटेलात कानावर येतं ती सगळी हवा.

तुझा गुडघा कसा आहे? मिलवॉकीत फूटभर बर्फ पडला असं वाचलं. एडी पायऱ्या साफ करून जात असेलच. इथे ताडाच्या झाडांवर नाताळचे दिवे लावलेत. कोट हातावर घेऊन त्यांच्याखालून फिरताना आपण दुसऱ्या कुणाच्या झोपेत शिरलोय असं वाटतं.

संघांच्या या हिवाळी बैठकीला आलेली माणसं लॉबीत दिवसभर कुजबुजत उभी असतात. सिगारेटच्या धुरात खेळाडूंची नावं तरंगतात. काल पेपरवाल्या बड नोलननं मला एक सौदा अगदी आतल्या गोटातला म्हणून सांगितला. कुणाकडून कळला विचारलं, तर म्हणाला, "तूच की रे सांगितलास, सकाळी नाश्त्याला." संघाच्या नोकरीत सत्तावीस हिवाळे मी हे ऐकतोय. हजारभर सौदे ऐकले, झाले पंधरा-वीस. कधीच न आलेले ते सगळे खेळाडू मला हल्ली स्वप्नात दिसतात. बर्फानं भरलेल्या आपल्या मैदानावर ते खेळतात. पावलं उमटत नाहीत, आणि एकही सामना हरत नाहीत.

मी अफवांवर विश्वास ठेवत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच एडीचा खांदा दुखावल्याचं पेपरात छापून आलं तेव्हा तू मला फोन केलास. कोण पसरवतंय म्हणालीस. मी म्हणालो, चौकशी करतो.

चौकशीची गरज नव्हती, लोरेटा.

मागाहून ठरणाऱ्या खेळाडूसाठी पाच नावांची यादी देतात, त्यातलं एक समोरचा संघ उचलतो. मंगळवारी ती यादी मी पाहिली. पाचवं नाव आपल्या एडीचं होतं. त्या संघाच्या टेड प्रूटनं मला सहज विचारलं, हा तुमच्या खालच्या संघातला कॅचर कसा आहे? मी म्हणालो, "पोरगा चांगला आहे. खांदा तेवढा कुरकुरतो." फेकीचा खांदा दुखणारा कॅचर कुणी उचलत नाही. गुरुवारी ते बडच्या पेपरात होतं.

तुझ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. स्टॅन गेल्यापासून तुला एडीशिवाय, या एकुलत्या लेकाशिवाय, कोण आहे? पण ते खरं नाही. रविवारी तुझ्याकडे जेवायला आलो की तो न विचारता माझ्या ताटात आणखी दोन बटाटा भरलेल्या पियरोगी वाढतो. तो कॅलिफोर्नियाला गेला तर त्या टेबलावर आपण दोघंच उरणार, आणि एकमेकांशी बोलायला आपल्याला तोच लागतो.

आपल्या मोठ्या संघात कॅचरची जागा आणखी सहा वर्षं तरी रिकामी होत नाही. एडी सव्वीसचा झाला. तिकडे जागा आहे. हे मला मंगळवारीही माहीत होतं.

आज सकाळी प्रूटला गाठून सगळं सांगितलं. खांद्याला काही झालेलं नाही, ते मी रचलं, तो माझा भाचा आहे.

"वॉल्ट," प्रूट म्हणाला, "भाचा म्हटल्यावर आता तुझं कुठलं बोलणं खरं धरू?"

म्हणून तो स्वतः बघायला येतोय. गुरुवारी सकाळी दहाला, एडीच्या जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत. एडीला मी फोनवर सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, किती वाजता म्हणालास?"

आईला मीच लिहितो, असं मी त्याला म्हटलंय.

गुरुवारी तो एकदा दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकेल आणि तेवढ्यानंच खात्री पटून प्रूट वही मिटेल. शुक्रवारपर्यंत नाव जाहीर होईल. फेब्रुवारीच्या मध्याला एडी त्यांच्या सराव शिबिरासाठी निघेल. रविवारी मी फावडं घेऊन येईन आणि पायऱ्या साफ करीन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

तू दुजोरा दिलास तर,
तुझा भाऊ
वॉल्टर