मंगळाचा निवडलेला माल

९ मे
शहाद्याला येऊन आठ दिवस. प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुण्याहून निघताना जिथं होतं तिथंच. पुण्यात खोलीत फार उकडतं म्हणून घरी आले. मे महिन्यात. शहाद्याला. माझ्या हुशारीचे असे बरेच पुरावे आहेत.
आप्पांचा पाय प्लास्टरमध्ये. मार्केट यार्डात हमाल समोर उभे असताना स्वतःच गव्हाच्या थप्पीवर चढले होते. आता ओट्यावरच्या झोक्यात बसून आडत दुकान चालवतात, म्हणजे दुकानात बसलेल्या दादाला सारखे फोन. आज दादानं मोबाईल बंद ठेवला. मग आप्पांनी आईला वरण कसं घोटायचं ते शिकवलं.

११ मे
आई खोलीत आली, दार लावून घेतलं. "तुन्हा बापले काही काम दे, नहीतर मी माहेरले चालनी जासू."
माहेर सारंगखेड्याला. घोडेबाजार नसताना आई तिकडे जायचं म्हणते, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१२ मे
आप्पांना लॅपटॉपसमोर बसवलं. माझ्या प्रबंधाचं काम समजावलं: एक लँडर मंगळावर उतरला होता, त्याच्या हातानं चिमूटभर माती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, हे त्याचे फोटो. आपण एकेका दाण्याची कड आखायची, मग संगणक सांगतो दाणा किती गोल. गोल असला तर वाऱ्यानं त्याला पुष्कळ लोळवलंय.
आप्पांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "हाऊ माल कोठला?"
मंगळाचा, पुन्हा सांगितलं. ओल किती, विचारलं. जवळजवळ नाहीच म्हटल्यावर खूश झाले. नंतर सवयीनं तळहात पुढे केला आणि तो स्क्रीनला लागला. हातमा लेवाशिवाय माल कसा समजी, ही त्यांची तक्रार. स्क्रीनवर शेवेच्या भाजीचं तेल. पुसलं.

१३ मे
माऊस दिला. "आप्पा, दाण्याच्या कडेकडेनं रेघ मारायची. एकेक दाणा घ्यायचा." एवढंच सांगितलं. माणसाचा हात काय स्थिर आहे! माझी रेघ बैलानं मुतल्यासारखी जाते, यांची सुताच्या दोऱ्यासारखी. दुपारी झोपले नाहीत. दादाला एकही फोन नाही. आईनं न मागता मला ताक आणून दिलं.

१५ मे
आप्पांचा पाय बघायला हिरालाल काका आले. काका सारंगखेड्याचे दलाल, आप्पांचे जुने दोस्त. पाय बघितलाच नाही, मंगळ बघितला. काका म्हणाले माल मध्यम आहे. आप्पा म्हणाले तुला दिसत नाही. चहा घेऊन बाहेर आले तर दोघं खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकून खालून बोटं दाबत होते, जुन्या पद्धतीनं, तोंडातून आकडा न काढता. मंगळाच्या मातीचा भाव ठरत होता. ठरला नाही. काका नाराज होऊन गेले.
आप्पांची पन्नासच्या वर चित्रं झाली. मी प्रस्तावना लिहिली. सुरुवात तर झाली...

१८ मे
निकाल काढला. गोल! इतके गोल दाणे की मी आकडे दोनदा तपासले. आलेख पाहून सरळ भूक लागली. गाईड मॅडमना पाठवला. संध्याकाळी मॅ. चा फोन. आजवर मॅ. नी मला 'बघू' याच्यापुढे काही म्हटलेलं नाही, आज 'वा' म्हणाल्या. बंगळूरच्या परिषदेसाठी हेच पाठवू, सारांश मीच लिहिते, परवा शेवटची तारीख.
आईनं खापरावर मांडे केले, आमरस. आप्पांनी पाय स्टुलावर ठेवून सगळ्यांच्या आधी वाढून घेतलं. म्हणाले, तुझी मॅडम माल ओळखणारी बाई दिसते.

२१ मे
परिषदेत दाखवायला एक छानसं चित्र हवं म्हणून आप्पांची चित्रं उघडली. पहिल्यांदाच. एका चित्रात निदान पन्नास दाणे, आखलेले अकरा. दुसऱ्यात नऊ. सगळे टपोरे, सगळे देखणे. बाकीच्यांना हातच नाही लावलेला.
झोक्यापाशी लॅपटॉप नेला. हे का सोडले?
"त्या टुकडा शेतस. माती. त्या कोण मोजस?"
आप्पा, ही सगळी मातीच आहे, म्हटलं.
"तेच ते सांगी ऱ्हायनू. मातीले कोण भाव देस?"
मी तिथंच खाली बसले. आप्पांना वाटलं ऊन लागलं, आईला कांदा आणायला सांगितला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, पुण्याला आपला नावखाल माल जाई ऱ्हायना, त्यामा काडीकचरा चाली का?
माझ्यासाठी निवडले होते. जन्मभर गहू पारखला त्याच हातानं, मुलीचं नाव राखायला. रागावणार कुणावर? मी त्यांना 'सगळे' हा शब्द म्हटलाच नव्हता. आणि मॅ. चा सारांश कालच गेला.

२२ मे
कुणाला बोलले नाही. खोलीचं दार लावून सोडलेले दाणे आखत बसले. तुटके, टोकेरी, चिकटलेले. दहा चित्रांतच आलेख खाली आला. मंगळ आहे तसाच आहे, गोल फक्त आप्पांची निवड होती.
जेवताना आप्पा: "मॅडमले पसंत पडना का माल?" हो म्हणाले. भेंडीची चव लागली नाही.
असंही वाटलं, मॅ. ना कुठं कळणार आहे. हे वाटलं, लिहून ठेवते. 'वा' फार दिवसांनी ऐकलं होतं.

२३ मे
सकाळी आप्पांना सगळं सांगितलं. वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, गप्प होतील, मी समजूत घालीन. कसलं काय. दुकानात हमालावर चिडतात तसे चिडले, माझ्यावर.
"नमुना एक आनि गाडीमा माल दुसरा, हाई आपला दुकानमा कधी व्हयनं नही. फोन लाव. माल परत बलाव."
मी म्हटलं मॅ. फार चिडतील, माझं प्रकरण जाईल, कदाचित पुढचं वर्षही. म्हणाले, जाऊ दे. रडू आलं. आलं तर आलं. लाव म्हणाले फोन, रडत रडत लाव.
लावला. पुरतं बोलायच्या आत आप्पांनी मोबाईल घेतला आणि बँक मॅनेजरशी बोलतात त्या शुद्ध मराठीत सुरू झाले: "मॅडम, आपल्याकडे नमुना चुकीचा आला. निवड आमच्याकडून झाली. मुलीची चूक नाही, आडत्याची आहे."
मग मॅ. नी त्यांना नीट विचारून घेतलं, काय घेतलं, काय टाकलं. मग मला. आवाज चढला नाही, ते जास्त वाईट. घरच्यांना काम दिलंस ते मला सांगितलं नाहीस, आणि तपासल्याशिवाय पाठवलंस. दोन्ही खरं. सारांश मागं घेतला. सगळं पुन्हा करायचं, दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न बघता. मी त्यात नाही, कारण मला कोणता निकाल हवाय ते आधीच ठरलेलं आहे. त्या दोघांची नावं लिहून द्यायची. त्यानंतर ठरवू, म्हणाल्या, हा विषय तुझ्याकडे ठेवायचा का.
विषय तुझ्याकडे ठेवायचा का. हे वाक्य दिवसभर डोक्यात.

२६ मे
पहिला माणूस आप्पाच. दुसरा: आई. पर्याय नव्हता, दादा म्हणाला मला दुकान आहे.
आप्पा ओट्यावर, आई स्वयंपाकघरात माझ्या जुन्या लॅपटॉपवर. मधे पडदा. चिकटलेलं ढेकूळ एक धरायचं, असा नियम मी दोघांना लिहून दिलाय. दोघांनाही तो पटलेला नाही. प्रत्येक तुटक्या दाण्याला आप्पा सुस्कारा सोडतात, तो आत ऐकू येतो. आई बिनतक्रार करते. तिच्या मते गव्हात खडे असतातच, आपण बघायचे, रडायचं कशाला.
दुपारी पडद्याआडून भांडण. आई: हाई एक ढेकूळ शे. आप्पा: दोन दाना शेतस, डोया उघड. म्हणजे आप्पांनी तिच्या स्क्रीनवर डोकावलं होतं. ते चित्र रद्द. दोघांना रागावले. मला गाईड होता येईल बहुतेक.

३० मे
आप्पांचं प्लास्टर निघालं. दादा गाडी घेऊन आला, चला दुकानात. आप्पा म्हणाले, "आठे गाडी खाली व्हई ऱ्हायनी," म्हणजे इथं मंगळाचा माल उतरतोय. दादा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी तो घरीच जेवला आणि एकटा गेला.

३ जून
झालं. दोघांचे आलेख जवळजवळ एकावर एक. काही दाणे खरेच गोल, बरेचसे नाहीत, परिषदेला नेण्यासारखं काही नाही. सगळं मॅ. ना पाठवलं, आप्पांचे पहिले निवडलेले दाणेही, वेगळ्या फाइलमध्ये, तसं लिहून. नावं दोन: वडील, आडत व्यापारी. आई, गृहिणी. आईनं आपलं नाव दोनदा वाचून घेतलं.

५ जून
उत्तर नाही. आप्पा दर चहाला, "पुन्याथीन काही उनं का?" नाही म्हटलं की म्हणतात, परत उनं तरी चाली, माल खरा शे. मला असं म्हणता येत नाही. मला विषय हवाय. ते तांबडे तुटके दाणे आता पाठ झालेत, दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेले बघवणार नाहीत.

६ जून
संध्याकाळी मॅ. चा मेसेज. 'पाहिलं. उद्या सकाळी फोन करते. आई-वडिलांनाही जवळ बसव.' बस, एवढंच.
आप्पांनी मोबाईल हातभर लांब धरून वाचला. निर्णय दिला: "रागमा नही. रागमा ऱ्हाती ते आजच फोन करती."
आईनं आतून सांगितलं, "खूश ऱ्हाती तरी आजच करती."
दोघांचंही पटतं. आप्पांनी दादाला निरोप धाडलाय, उद्या दुकानात उशिरा येईन. आईनं तिघांसाठी ओट्यावर सतरंजी आत्ताच टाकून ठेवली आहे.