लाल शाईतला ‘डाग’

खटाक्! शाळेच्या गच्चीवर मंजुश्रीबाईंच्या कॅमेऱ्याचा व्हायचा, तो आवाज अकरा वर्षांनीही कानातून जात नाही. तो ऐकत, पण बुद्धी शाबूत ठेवून आणि कोणाच्या दडपणाविना मी, सहदेव हिंमतराव मापारी, वय ६८, निवृत्त मराठी शिक्षक, रा. सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलढाणा, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घर व ठेव पत्नी अन्नपूर्णाबाईस. “त्या कॅमेऱ्याच्या डब्ब्याले थंड ठेवता, अन् घरातला फ्रिज बंद पडेल हाये!” हे तिचे बोलणे रास्त होते. आधी फ्रिज घ्यावा.

२. शालेय कवितांची जुनी पुस्तके शाळेस. अट एकच, कविता चालीवर म्हणवून घ्याव्यात. मी आकाशाकडे वळलो तो त्यांतल्या चांदण्यामुळे.

३. पुतण्या देवानंदने दुर्बिणीचा तिपाया लग्नात लाइट टांगायला नेला, वाकवून आणला. तोच त्याला द्यावा.

४. दुर्बीण, माझा सीसीडी कॅमेरा व कपाटातला साधा डिजिटल कॅमेरा श्रीमती मंजुश्री इंद्रभान गवई, विज्ञान शिक्षिका, यांना. कारण लिहिणे भाग आहे.

सीसीडी आकाशासाठीच बनलेला. उणे वीस अंशांपर्यंत थंड होतो, म्हणून खोटे ठिपके कमी. पण रंगासाठी लाल, हिरवी, निळी अशा काचा बदलून तीनदा टिपावे लागते. बाईंचा साधा कॅमेरा एका दमात रंग देई, मात्र तापला की ठिपके उठत. या फरकाचा मला फार ताठा होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये एका दीर्घिकेच्या कडेला बाईंना नवा ठिपका दिसला. शुद्धलेखन तपासावे तसा मी त्यांच्या फोटोवर लाल गोल केला आणि लिहिले, ‘डाग’.

“सर, तिन्ही फोटोत हाये तो. कॅमेऱ्याचा डाग असता तं जागीच राह्यला असता. हा ताऱ्यांसंगं सरकला ना!”

“बाजारातला कॅमेरा हाये तुमचा, बाई. बारशाचे फोटो काढा!”

सगळे शिक्षक हसले. घरी येऊन त्याच रात्रीचे माझे चित्र उघडले, तर ठिपका तिथेच. स्फोट झालेला तारा होता तो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला. “ठेवा सर, डागाचा हाये.” मी तो ठेवून घेतला! आठवड्याने परदेशात कोणीतरी तो तारा जाहीर केला. बाईंनी तोवर आकाश सोडले होते, आणि मी तोंड उघडले नाही. त्यांचा ठिपका खरा होता, हे आजही त्यांना ठाऊक नाही. माझे चित्र व त्यांचे तिन्ही फोटो पाकिटात आहेत. समोर सांगायची छाती नाही, म्हणून ते पाकीट माझ्यामागे त्यांना द्यावे.

ठिकाण: सुलतानपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४
सही: स. हि. मापारी
साक्षीदार १: सिंधूताई सरकटे, शेजारीण (सही केली)
साक्षीदार २: पोस्टमास्तर राजकुमार यांची वाट पाहत आहे.

दार वाजले. मंजुश्रीबाई!

“सर, राजकुमारभाऊ मलकापूरले गेले. साक्षीले तुमीच जा म्हणे. कुठं करू सही?”

ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका, असे वकिलांनी बजावले आहे. बाईंची सही का नको, ते आता मलाच सांगावे लागेल.