चिंधीबाई

प्रिय ठमे,

काल फोनवर तू रडलीस आणि मी नुसती हं हं करत राहिले, कारण तुझे बाबा शेजारच्या खाटेवर कान टवकारून पडले होते. म्हणून हे पत्र. ऐन उड्डाणाच्या वेळी तू लाल चिंधी बांधून हेलिकॉप्टर थांबवलंस, शेपटीकडची पेटी उघडायला लावलीस, आत सगळं जागच्या जागी निघालं, आणि आता अख्खं हँगर तुला चिंधीबाई म्हणतं. साहेब वहिमी म्हणाले ते वेगळंच. म्हणू देत, बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरलंय? पण राजीनामा द्यायच्या आधी माझं थोडं ऐक, मग काय ते ठरव.

लाल चिंधीची पद्धत बाबा हेलिकॉप्टर उडवायचे तेव्हापासूनची. काम अर्धवट टाकून उठावं लागलं तर त्या जागी चिंधी बांधायची, आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. एकदा हँगर बघायला बडी मंडळी येणार होती, फोटोबिटो. कुणालातरी त्या चिंध्या गबाळ्या वाटल्या. त्यानं सगळ्या गोळा करून खोक्यात टाकल्या. त्याच्या मनात पाप नव्हतं गं, पाहुणे येणार म्हटल्यावर आपण नाही का पसारा कपाटात कोंबत? त्यातली एक चिंधी तेलाच्या नळीवरच्या नटाची होती. नट नुसता बोटांनी फिरवून ठेवलेला. मेकॅनिक परतला, चिंधी दिसली नाही, त्याला वाटलं जोडीदारानं आवळला. तपासनिसालाही चिंधी दिसली नाही. त्यानं हात लावून न बघताच सही केली.

पुढची गोष्ट तू बाबांकडून शंभरदा ऐकली आहेस. तेल गळून हवेतच इंजिन बंद पडलं, आवाज थांबला, आणि स्ट्रेचरवरच्या आजीबाई म्हणाल्या, पोचलो वाटतं! तिथे सगळे हसतात आणि बाबा पाणी पितात. पण मी तेव्हा नर्स म्हणून मागे बसले होते, आणि मला दिसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आजीबाईंचा हात मी इतका घट्ट धरला की त्याच मला धीर देऊ लागल्या. आता आपण दगडासारखे पडणार, असं वाटलं. पण पडलो नाही. बाबांनी डाव्या हाताचा दांडा पटकन खाली दाबला आणि डोक्यावरची पाती फिरतच राहिली. इंजिन मेलेलं, आणि आम्ही खाली येत होतो त्यामुळेच वारा खालून पात्यांत शिरून त्यांना फिरवत होता. लहानपणी तू कागदाची भिंगरी गच्चीवरून सोडायचीस, तशी. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मी आ वासून वर बघत बसले. ज्या पडण्यानं आम्ही मरणार होतो तेच आम्हाला तोलून धरत होतं. जमीन अंगावर आली तेव्हा बाबांनी पात्यांतला उरलासुरला सगळा जोर एकदम वापरला, आणि नांगरलेल्या शेतात आम्ही धप्पकन टेकलो. आजीबाईंना ओरखडासुद्धा नाही. मी मात्र आजतागायत छताचा पंखा बंद केला की तो थांबेपर्यंत बघत उभी राहते, आणि तुम्ही बापलेक मला हसता.

तुझा फोन ठेवल्यावर बाबा काय झालं ते खोदून खोदून विचारत राहिले. मग म्हणाले, इंजिन गेलं तर हातात काहीतरी उरतं, पण शेपटीकडचा छोटा पंखा फिरवणारं काही तुटलं तर ते यंत्र जागच्या जागी गरागरा फिरतं, तिथे माझ्यासारखाही फार काही करू शकला नसता. पोरीनं नेमकी तीच पेटी उघडली. एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे डोळे भरले होते, पण मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन मोठ्या इस्पितळातच करायचं असं ठरलंय. घाटरस्त्याचे हिसके त्यांना सोसणार नाहीत, पायांतली ताकद कायमची जाईल, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. त्यामुळे पुढच्या गुरुवारी न्यायला हेलिकॉप्टर येणार आहे, तुमच्याच हँगरमधून. बाबांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, चिंधीबाईनं हात लावून बघितलं असेल तरच मी चढेन. डॉक्टरांना वाटलं, औषधानं बरळतायत. तेव्हा गुरुवारपर्यंत तरी राजीनामा देऊ नकोस. बाबा आत आहेत म्हणून घाई करू नकोस. मनात जराशी जरी शंका आली तरी चिंधी बांध आणि सगळं पुन्हा उघड. त्यांना दुखेल, मी गोळी देईन. आम्ही थांबू.

तुझीच,
चिंधीबाईची आई