लाल झास्तावाचे ब्रेक पॅड आणि आमचा कुम

मी, विदोसावा क्नेझेविच, वय ७३, निवृत्त रसायनशिक्षिका, राहणार गोर्न्या व्रेला, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून हे लिहिते. हे मृत्युपत्र करायला मला कुणी भाग पाडलेलं नाही. इतर पुष्कळ गोष्टी करायला भाग पाडलं, ते पुढे येईल.

१. घर, आलुबुखाराची बाग आणि ब्रँडी गाळायचा तांब्याचा हंडा मुलगी दुन्या हिला. हंडा माझ्या भावाला उसना देऊ नये. एकदा नेला, तो भोक पाडून आणला.

२. पुस्तकं गावच्या शाळेला. शाळा नीट ठेवणार नसेल, तर पाद्रीबाबांना.

३. माझी लाल झास्तावा गाडी, १९८४ सालची. इथे सविस्तर लिहावं लागेल.

माझ्या फाटकापासून चाळीस पावलांवर पहिलं वळण, त्याखाली दरी. या गाडीला मऊ ब्रेक पॅड हवेत. ते थंडीतही पहिल्या दाबाला पकडतात. लवकर झिजतात, झिजू देत. राडोयित्सा मात्र कडक पॅड बसवतो. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि चाळीस पावलांत काहीच तापत नाही.

राडोयित्सा दुन्याचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणजे आमचा कुम, आणि मी त्याची कुमा. वर देव, खाली कुम, असं आमच्याकडे म्हणतात. त्याचं गॅरेज असताना गाडी दुसरीकडे नेणं म्हणजे चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारणं.

"कुमा, घाटात मऊ पॅड तापून दगा देतील," तो म्हणतो.

"मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरते. तापतील कशाला?"

"शाळेत शिकव ते. हे लोखंड आहे."

"तीस वर्षं लोखंडच शिकवलं मी!"

"बरं बाई. कॉफी पी, निवतेय."

गेल्या जानेवारीत गाडी वळणावर थांबली नाही. बर्फाच्या ढिगात रुतली, म्हणून मी हे लिहू शकते आहे. मग मऊ पॅड स्वतः विकत घेतले आणि गुपचूप खालच्या शहरात गेले. तिथल्या मेकॅनिकनं विचारलं, "गाडी कुणाच्या हातची?" मी सांगितलं. त्यानं किल्ली परत दिली.

"बाई, तुमचा कुम जिवंत असताना मी चाकाला हात लावू? उद्या माझ्या दारात गिऱ्हाईक कोण उभं राहील?"

आता दुन्या लेकीला घेऊन इथेच राहायला येणार म्हणते. धर्मपित्याला ती माझ्याइतकंसुद्धा उलटून बोलणार नाही.

म्हणून झास्तावा दुन्याला नाही. ती कुम राडोयित्साला, खोक्यातल्या मऊ पॅडसकट. अट एकच. माझ्या मरणानंतर येणाऱ्या पहिल्या हिवाळ्यात गाडी रात्री माझ्या फाटकाशी उभी राहावी, आणि रोज सकाळी त्यानं एकट्यानं ती खाली नेऊन दुन्यासाठी पाव आणावा. पॅड कोणते, ते त्याचं त्यानं ठरवावं. तो हिवाळा सरेपर्यंत दुन्या व तिची लेक यांनी त्या गाडीत बसू नये.

तो नाही म्हणणार नाही. मेलेल्या कुमाची शेवटची इच्छा आमच्यात कुणी मोडत नाही. जिवंत कुमाचं मात्र कुणी ऐकत नाही. तोवर मी पहिल्या वळणाआधी हँडब्रेक ओढत उतरेन. हा कागद नोंदवायला आत्ताही तसंच उतरायचं आहे.

गोर्न्या व्रेला, ११ डिसेंबर २०१८

सही: विदोसावा क्नेझेविच

समक्ष सह्या: ओब्रेन तादिच, पोस्टमन; स्ताम्येना इलिच, शेजारीण