हिरड्यांचे राखणदार

मु. चुडावा
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. पारूआक्का,

थोरलीच्या पायावर धाकट्या बन्सीधरचं डोकं आणि भावजींना रामराम. पालमला सगळे खुशाल असतील, तुझे गुडघे कुरकुरत का होईना चालत असतील, असं धरून लिहायला बसलो. आमी इकडं बरे आहोत. (बरे म्हणजे हिरड्या सोडून.)

त्याचं असं झालं. शेजारच्या दत्ताच्या पोरीचं लग्न ठरलं, तिच्या सुपारी फोडायच्या कार्यक्रमाला मानाचा म्हणून मला पहिल्या पंगतीला बसवलं. बुंदीचा लाडू कडक होता. एक घास चावला आणि खालचा दात बिजागरी निसटलेल्या दारासारखा आत-बाहेर व्हायला लागला, लाडू लालेलाल. नवरदेवाची आई हौसेनं वाढत होती, म्हणाली, "अगं बाई, लाडवात चेरी घातली का काय?" तर तुझी भावजय धुरपता भर पंगतीत म्हणते, "न्हाई ओ, ते आमच्या मालकाचंच हाय!"

रक्त येतं हे मला ठाऊक होतं गं. पण मी समजायचो, उष्णता बाहेर पडायलीय, पडू द्यावी. जिथून येतं तिथं ब्रश लावायचा नाही (जखमेवर कुणी खराटा मारतं का?), उलट मिश्री दाबून चोळायची, की रक्त बंद. हा इलाज मी गावात चौघांना शिकवला. (त्यातले तिघं आता दूधभातावर आहेत.)

शेवटी धुरपतानं पूर्णेला नेलं. आपल्या सिद्धोधन गुरुजींची धम्मशीला तिथं दातांची डॉक्टर झालीय. लहानपणी आपल्या चिंचा आकडीनं ओढायची, आता आकडी माझ्या तोंडात. बघून म्हणाली, "काका, जंतू आहेतच, पण जास्तीची नासधूस तुमचीच माणसं करायलीत." मला वाटलं, भाऊबंदकीचं बोलते. मग तिनं नीट सांगितलं. दातांच्या मुळाशी जंतूंचा थर साचतो, वाळून दगडासारखं कीटण होतं. त्यांना हाणायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, म्हणून हिरडी सुजते. जंतू कीटणाच्या आडोशाला दडतात आणि पेशींचा मारा बसतो आपल्याच हिरडीला, हाडाला. हाड झिजलं की दात हलला.

माझ्या डोळ्यापुढं परमेश्वर उभा राहिला. मागच्या साली त्याला ज्वारीच्या राखणीला ठेवला होता. डुकरं आली की हा गडी पोरं जमवून काठ्या घेऊन रानभर पळायचा. डुकरांनी खाल्ली कोपऱ्यातली ज्वारी, यांनी तुडवली निम्मी पट्टी! त्याला रागावून काय उपयोग, तो इमानदारच होता. डुकरं बांधावरच्या बेशरमीत राहायची. ती झुडपं तोडली, डुकरं गेली, परमेश्वरही निवांत बसला.

धम्मशीलानं तसंच केलं, बेशरम तोडली. म्हणजे कीटण खरवडलं. तो लाडवाचा दात गेला, त्याची हिरडी आता मोकळी. पण सूज उतरायलीय, ब्रश लावला तरी रक्त नाही. म्हणाली, झिजलेलं हाड काही भरून येत नाही, पण नीट घासलंत तर बाकीचे दात बऱ्यापैकी घट्ट होतील. तवा आक्का, पौषात तुमच्या रानात हुरडा खायला मी येतोच.

सगळ्यांना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझा,
बन्सी

ता.क. एवढं डुकरामागं पळालो ते एका गोष्टीसाठी. दर भाऊबीजेला तू तंबाखू भाजून, कपड्यातून गाळून मिश्रीची डबी आणतेस. यंदा आणू नको. रागावू नको गं. मिश्रीनं आजार बरा होत नव्हता, रक्त तेवढं दबायचं. म्हणजे हाळी मारणाऱ्या राखणदाराच्या तोंडात बोळा! आणि ओवाळताना हसलीस की तू पदर तोंडाशी धरतेस, ते मला दिसतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी धम्मशीलाकडं तुझा नंबर लावलाय.

आणखी एक. मागल्या वर्षीची डबी अजून फळीवर आहे. धुरपता उकिरड्यावर टाकायला निघाली, तर मीच आडवा झालो. (उघडत नाही, शप्पथ. नुसती पुसून ठेवतो.) तुझ्या हातचं माझ्यानं टाकवत नाही, तूच येऊन रिकामी कर. आणि तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरून जा. जरा जाडीभरडीच कूट, तोवर चावता येईल.