दारावरचे पाच स्टार

दादा,

घराला ऊर्जेचे स्टार देणाऱ्या बाई तपासणी करून गेल्या. तू वरच्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं होतंस. मी विसरले नाही, मुद्दाम लावलं नाही. उलट त्यांना हाताला धरून वर नेलं आणि तापलेल्या पत्र्याखाली उभं केलं.

एसीवरचं पाच स्टारचं स्टिकर सोलून तू दारावर चिकटवलंस, ते बघून बाईंना हसू आवरेना. अरे शहाण्या, ते स्टार मशीनचे! घराचे स्टार छत, भिंती आणि खिडक्यांच्या फटी बघून देतात. तू हॉलमध्ये गारेगार लोळतोस आणि आई दुपारभर वर ओला टॉवेल मानेवर घेऊन बसते. एकच स्टार मिळाला, तोही रडतखडत.

आता एका स्टारवर मागच्या खोल्यांना भाडेकरू मिळणार नाही म्हणून बोंब मारशील. खुशाल मार. पत्र्याखाली ऊन अडवणारा थर बसेपर्यंत मी ऐकणार नाही.

आईला हॉलमध्ये तुझ्या पलंगावर आणलंय. ती झोपलीय, उठवू नकोस. तुझी गादी वर टाकलीय. पाच स्टारचं घर आहे ना आपलं? मग कुठेही झोपलं तरी सारखंच.

मी कामावर चाललेय.

चिमी