तेविसाव्या दिवशी निळा धूर

९ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं म्हणजे तक्रार आहे, हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असेल. परवा फोनवर सांगायला लागले तर तुम्ही मध्येच तोडलंत आणि लिहून पाठव म्हणालात. गॅरेज बंद करून सहा वर्षं झाली, पण गिऱ्हाइकाने आधी वहीत तक्रार लिहायची आणि मगच तुम्ही बॉनेटला हात लावायचा, हा नियम काही सुटत नाही. पोटच्या मुलीलाही त्यात सूट नाही.

तर लिहून देते. गाडीला तीन वर्षं झाली, वॉरंटी संपली आणि बरोबर तेविसाव्या दिवशी बाईसाहेब चढावर रुसल्या. मागून निळा धूर निघायला लागला. मग तेलाचा लाल दिवा लागला, इंजिन खडखडलं आणि भर रस्त्यात बंद. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्याने कागदावरची तारीख बघितली आणि इतक्या गोड आवाजात हात वर केले की भांडायचंच विसरले. तुमचे जावई म्हणतात, हल्ली इंजिनाच्या आत कॅलेंडर बसवून देतात.

ढकलून गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडून नुसतीच उभी राहिले. गॅरेजच्या पत्र्याखाली तुम्ही मला स्टुलावर उभं करायचात ते आठवलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ माझ्या कानाला. काय म्हणतंय, असं तुम्ही विचारायचात आणि मी दरवेळी सांगायची की भूक लागली म्हणतंय. तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने तेलाचा डबा आणायला जायचात. रस्त्यावर उभं राहून हे आठवत बसण्यात माझी अर्धी रजा गेली.

आईला नमस्कार. उत्तर लवकर पाठवा. लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठवा.

आपली,
ठकू

१५ जानेवारी

चि. ठकूस,
अ. आ.

तक्रार मिळाली. लिहिली आहेस बरी, पण सगळ्या गिऱ्हाइकांसारखी अर्धीच. धूर सकाळी सुरू करताना येत होता की फक्त चढावर? खडखड वरून येत होती की खालून? आदल्या दिवशी गाडीखाली डाग होता का? एकेक करून लिही, सगळं एकदम ओतू नकोस.

तेलाचं मी विचारत नाही, कारण ते मी स्वतः बघतो. तुझ्याकडे आलो की सकाळी चहाच्या आधी काडी काढून तेल किती आहे ते बघतो आणि लागेल तेवढं घालतो. कंपनीचं ते पाण्यासारखं तेल मला पटत नाही, म्हणून आपलं नेहमीचं जाड तेल पिशवीतून घेऊन येतो. सर्व्हिसिंगनंतर चार खेपा झाल्या, चारही वेळा तेल कमीच होतं. तेव्हा त्या बाजूने तू निर्धास्त राहा. आणि इंजिन कुणालाही खोलू देऊ नकोस.

आपली जुनी गाडी बावीस वर्षं चालली. तू आणि दादा मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायचात आणि घर आलं तरी उठायचा नाहीत. मग मी उगाच आणखी एक फेरी मारून यायचो. आई दारात वाट बघून वैतागायची. त्या गाडीला वॉरंटी नव्हती, मी होतो.

आईने सध्या डोळ्यांच्या डॉक्टरचं टुमणं लावलं आहे. मोतीबिंदू काय कुठे पळून चालला आहे? आजच समोरच्या शिक्षकांच्या गाडीचा आवाज दारातून ऐकून पट्टा ढिला झालाय म्हणून सांगितलं आणि तोच निघाला.

जावयांना आशीर्वाद. आमची आठवण राहू दे.

तुझा,
बाबा

२१ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर रडू येईल म्हणून लिहिते आहे. बाबांनी नको म्हटलं तरी गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे दिली, कारण ती जागची हलत नव्हती. त्याने खालचा बोल्ट काढला आणि तेल येतच राहिलं. हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट, वर ह्या इंजिनाला न चालणारं जाड. जास्त तेल आत घुसळून त्याचा फेस होतो, मग पोचायचं तिथे ते पोचत नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, इंजिन खोलावंच लागणार. एवढं तेल कोण घालतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मीच.

दादा, बाबांना काडीवरची खूण दिसत नाहीये. त्यांचं पत्र बघितलंस तर कळेल. अक्षर बोटभर झालंय आणि ओळी एकमेकींवर चढल्यात. आजूबाजूची माणसं अजून सकाळी गाड्या घेऊन त्यांच्या दारात येतात, त्यावर त्यांचा सगळा दिवस उभा आहे. आपल्या हाताने मुलीचं इंजिन गेलं हे कळलं तर ते पुन्हा पान्याला शिवणार नाहीत. तेव्हा तू काही बोलू नकोस. मी काहीतरी थाप मारते.

वहिनीला नमस्कार. आहे तशी माया असू दे.

तुझी,
ठकू

२४ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी. नुसती एक वायर सुटली होती. मेकॅनिकने दहा मिनिटांत जोडून दिली. उगाच तुमच्या जिवाला घोर लावला. गाडी आता झकास चालते आहे. सविस्तर पुढच्या वेळी लिहीन, आज घाईत आहे.

लोभ असावा, राग नसावा.

आपली,
ठकू

१ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

वायर सुटली तर निळा धूर येत नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, हे तू नऊ वर्षांची असताना गिऱ्हाइकांना सांगायचीस. थाप मारायची तर बापाच्या धंद्यातली तरी मारू नये.

म्हणून मी तुझी तक्रार पुन्हा समोर ठेवली आणि नेहमीसारखी कारणं एकाखाली एक लिहून खोडत गेलो. सगळी खोडून झाली. जास्त तेल हे कारण मी लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं आणि सगळं जुळलं.

तरी खात्री करावी म्हणून शिक्षकांच्या गाडीची काडी काढली, पुसली, पुन्हा बुडवून उन्हात धरली. मला तेल कमी दिसलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, अगदी खुणेवर आहे. खूण कुठे आहे, असं विचारलं. ते म्हणाले, तिच्यावरच तुमचा अंगठा आहे.

चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही इंजिन गेलं नाही आणि गेलं ते तुझं. तू खोटं लिहिलंस त्याचा राग नाही. मला खरं सांगता येऊ नये इतका मी थकलोय असं तुला वाटलं, त्याचं वाईट वाटतं. कालपासून दारात आलेल्या गाड्या परत पाठवतोय. हत्यारांची पेटी कुणाला उपयोगी पडली तर द्यायची आहे, दादालाही विचारतो.

जमलं तर माफ कर.

तुझा,
बाबा

ठकू, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी लिहिते. दोन दिवस ह्यांचं जेवणात लक्ष नाही. खिडकीचा पडदा ओढून बसतात, बाहेर गाडी वाजली तरी मान वर करत नाहीत. डोळ्यांचं नाव काढलं की आता कशासाठी, असं विचारतात. तूच काहीतरी लिही. आई.

५ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

ही तक्रार नाही, कबुली आहे. आधी सगळी वाचा, मग काय ते बोला.

मागच्या खेपेला तुम्ही तेल घालून अंघोळीला गेलात आणि मी जाऊन काडी बघितली. पुसून, पुन्हा बुडवून, तुम्ही शिकवलंत तशी. तेल खुणेच्या बरंच वर होतं. मला बघताक्षणी कळलं. मी काडी परत घातली आणि आवाज होऊ नये म्हणून बॉनेट दोन्ही हातांनी दाबून लावलं.

का बोलले नाही ते सांगते. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि खिडकीतून तुमची शीळ ऐकू आली. गॅरेज बंद झाल्यापासून मी ती ऐकली नव्हती. तुम्ही बाह्या वर करून गाडीवर वाकला होतात आणि शीळ घालत होतात, आणि मला वाटलं की मी पुन्हा शाळेतून घरी आले आहे. ती शीळ बंद करायचं माझ्या जिवावर आलं. जास्तीचं तेल नंतर काढून टाकू म्हटलं आणि ते राहून गेलं. तेव्हा बाबा, इंजिन तुम्ही एकट्याने घालवलेलं नाही. तुम्हाला दिसलं नाही म्हणून घातलंत, मी दिसत असून चालू दिलं. माफी मागायची तर मी मागायला हवी. ती मागते.

पेटी कुणाला द्यायची नाही. नव्या रिंगा बसल्या, खोललेलं इंजिन पुन्हा जोडून झालं, गाडी ढकलत आणून दारात उभी केली आहे. तेल मात्र भरू दिलेलं नाही. मेकॅनिकला म्हटलं, ते काम आमच्या घरातलं माणूस करतं. तुम्ही आधी डॉक्टरची तारीख घ्या, ऑपरेशन होऊ द्या, पट्टी निघू द्या आणि मग या. महिना लागो की दोन, तोवर मी बसने जाईन. पातळ तेलाचा डबा आणून ठेवला आहे. पटत नसलं तरी तेच घालायचं.

आईला सांगा, पडदा उघडा ठेव. तुमचा राग, लोभ, जे असेल ते घेऊन या.

तुमची वाट बघणारी,
ठकू